पैसा आला की सोडणार

सोमवार, ३ मार्च

ही डायरी बँकेने दिली. आजवर बँकेने मला रांगेत उभं राहायच्या जागेपलीकडे काही दिलं नव्हतं. आज मॅनेजर खुर्चीतून उठून दारापर्यंत आला, चहा पाजला आणि वर ही डायरी. वर्षाचे दोन महिने उलटून गेलेत, तेवढी पानं कोरी राहतील. त्या दोन महिन्यांत लिहिण्यासारखं काही घडलंही नव्हतं.

घडलं ते असं. गेल्या वर्षी आत्या गेली. तिला मूलबाळ नव्हतं, घर होतं. ते तिने माझ्या नावावर करून ठेवलं होतं. भाचे आम्ही बरेच. बाकीचे तिच्याकडे सल्ले द्यायला जायचे. मी अधूनमधून जायचो तो तिची कवळी नीट करायला. हिरडीला टोचायला लागली की ती फोन करायची, मी जाऊन घासून द्यायचो, ती आरशात बघून "बरं" म्हणायची. यापलीकडे आमचं फारसं बोलणं नव्हतं. तरी माझंच नाव का, हे वकिलालाही माहीत नाही.

घराला गिऱ्हाईक तयार होतं. वकील म्हणाला विका, मेहुणा म्हणाला विका, विकलं. पैसे आज खात्यात आले. आकडा लिहीत नाही. एवढा मोठा आकडा लिहायला गेलं की माझं अक्षर बिघडतं.

बायकोला म्हटलं, इतक्यात कुणाला सांगायचं नाही. ती म्हणाली, "मी कशाला सांगू?"

बुधवार, ५ मार्च

डायरीत ओळखपाळख नसली तर पुढे वाचताना मलाच कळायचं नाही, म्हणून लिहितो. मी कवळ्यांच्या कारखान्यात आहे. कारखाना म्हणजे दुसऱ्या मजल्यावरच्या तीन खोल्या. डॉक्टर लोक पेशंटच्या तोंडाचे साचे पाठवतात. मेणवाल्या बाई त्यावर मेणाची हिरडी करतात, मी तिच्यात दात लावतो, मग ती पक्की झाली की पॉलिशवाला घासूनपुसून चमकवतो. मालक डॉक्टरांशी फोनवर गोड बोलतात. 'दात आहेत तर चणे नाहीत' ही म्हण आमच्याकडे बोलायला बंदी आहे. रोज कुणीतरी बोलतंच.

पॉलिशवाला आणि मी एकाच महिन्यात कामाला लागलो. त्याला बावीस वर्षं झाली. शेजारी बसतो, एकत्र जेवतो. त्याच्या डब्यातली भाजी माझ्यापेक्षा बरी असते, हे मी बायकोला सांगितलेलं नाही.

या बावीस वर्षांत मी एक गोष्ट सतत म्हणत आलोय. पैसा हातात आला की त्याच दिवशी राजीनामा मालकांच्या टेबलावर फेकणार. देणार नाही, फेकणार. साचा फुटला की म्हणतो, पगार लांबला की म्हणतो, कधी नुसतंच म्हणतो, आज उकडतंय म्हणतात तसं.

आज कामावर गेलो तर सगळ्यांना ठाऊक. बायकोने फक्त तिच्या बहिणीला सांगितलं होतं. बहिणीची जाऊ मेणवाल्या बाईंच्या इमारतीत राहते.

पॉलिशवाल्याने मोटर बंद केली, उठला आणि मला मिठीच मारली. शर्टावर पांढरी पूड लागली.

"काय शेठ? फेकायचा कधी?"

"हातातलं काम संपू दे."

"हातातलं काम आजवर कधी संपलंय?"

सगळे हसले. मीपण हसलो.

शनिवार, ८ मार्च

मेहुणा येऊन गेला. त्याचं म्हणणं, खुर्च्या भाड्याने द्यायचा धंदा काढू. "लोक बसायचे थांबणार आहेत का?" मी चहा घ्या म्हटलं. मग मुलीचा फोन. ती म्हणाली, "बाबा, कुणाला काही कळू देऊ नका." कुणाला कळायचं राहिलंय, याचा मी थोडा वेळ विचार केला.

नोकरी सोडल्यावर काय करणार, हेही मी नेहमी सांगत आलोय. समुद्रावर जाऊन काहीही न करता बसणार. आज दुसऱ्या शनिवारची सुट्टी होती म्हणून गॅलरीत खुर्ची टाकून काहीही न करता बसून बघितलं. थोड्या वेळाने उठून मोरीचा नळ गळत होता तो खोलला. समोर समुद्र नव्हता, त्यामुळे झालं असेल.

गुरुवार, १३ मार्च

राजीनामा अजून दिलेला नाही. कारण एका बँडवाल्याची कवळी.

हा ट्रंपेट वाजवतो. पुढचे दात गेले, कवळी बसली, आणि वाजवायला लागला की वारा बाजूने निसटतो. डॉक्टरकडून दोनदा परत आली. शेवटी कंटाळून माणूस स्वतःच जिना चढून आला, काखेत ट्रंपेट. पेशंटने इथे यायची पद्धत नाही. मालक फोनवर होते तेवढ्यात मी त्याला खिडकीशी बसवलं.

"फुंका," म्हटलं.

त्याने फुंकलं. फाटका आवाज. त्याचा ओठ कुठे टेकतो ते बघितलं. मेणवाल्या बाईंनी विजेरी धरली. डाव्या सुळ्याशेजारचा दात किंचित पुढे होता. पॉलिशवाल्याने तो इतका हलका घासला की घासला की नुसता पुसला ते कळू नये. परत फुंकलं. आणखी एकदा घासला. तिसऱ्यांदा जो सूर निघाला त्याने मांडणीवरचे प्लास्टरचे जबडे थरथरले आणि मालक फोन तसाच धरून बाहेर आले.

बँडवाल्याचे डोळे भरून आले. म्हणाला, "मी तर विकायला काढला होता हा." मग त्याने आम्हाला एक अख्खी धून वाजवून दाखवली. खालच्या मजल्यावरच्यांनी तक्रार केली.

जेवताना पॉलिशवाला म्हणाला, "हे सोडून समुद्रावर बसणार तू."

"बसणार म्हणजे बसणार," मी म्हटलं.

असं एखादं काम राहिलेलं असताना मध्येच सोडून जाणं बरं दिसत नाही. आता ते झालं. दुसरं एक आलंय, त्याचा जबडा जरा वाकडा आहे.

मंगळवार, १८ मार्च

दोन माणसं येऊन खिडकीजवळचा कोपरा टेपने मोजून गेली. मी आणि पॉलिशवाला बसतो तो कोपरा. पंखा बसवणार असतील.

मालकांनी आत बोलावलं. चहा मागवला. माझ्या घराची, बायकोची, मुलीची चौकशी केली. मग म्हणाले, "तुमचं नक्की झालंय ना?"

"म्हणजे काय. नेहमी सांगतच आलोय."

"तेच. तुमच्यामुळे माझी मोठी अडचण सुटली बघा. देव एखाद्याला देतो ते काही उगाच नाही."

अडचण कोणती ते त्यांनी सांगितलं नाही. माझ्या पगाराची असेल.

बाहेर मेणवाल्या बाई निरोपाच्या भेटीसाठी वर्गणी काढत होत्या. मला बघून पाकीट लपवलं. मग विचारलं, "तुम्हाला घड्याळ चालेल का? म्हणजे, सहज विचारते."

गुरुवार, २० मार्च

आज ठरवून टाकलं. नोकरी सोडायची नाही.

कारण सरळ आहे. पैसा कुठे पळून जात नाही. माणसाने घाई करू नये. शिवाय नोकरी सोडली की सकाळी कुठे जायचं हा प्रश्न उरतो. तो गौण आहे, पण उरतो. काम आवडतं वगैरे काही नाही. दातांत आवडण्यासारखं काय असणार.

मालकांना सांगितलं की तूर्तास राहतोय. ते बराच वेळ पेनचं टोपण काढत आणि लावत बसले. मग म्हणाले, "ठीक आहे. तुमचा हात मला सोडवत नाही, हे खरंच आहे. मग मला दुसरीकडे बोलावं लागेल." बोला म्हटलं.

घरी येऊन बायकोला सांगितलं. वाटलं होतं ती खूश होईल. तिने विचारलं, "पॉलिशवाल्या भावोजींना सांगितलंत?"

"त्याला काय सांगायचं? उद्या दिसेनच की त्याला."

शनिवार, २२ मार्च

पॉलिशवाला बिघडलाय. आज त्याने डबा स्वतःच्या टेबलावरच उघडला. मी खुर्ची तिकडे ओढली तर म्हणाला, "जेवा तुम्ही. मला भूक नाही." आणि त्याचा डबा तर अर्धा संपलेला.

तुम्ही! बावीस वर्षं आम्ही अरे-तुरे करत आलो. त्याच्या लग्नात मी त्याचे जोडे सांभाळलेत. त्याच्या मोठ्या मुलीला शाळेत घालताना आम्ही दोघं रांगेत उभे होतो. आणि आता अहो-जाहो.

बरोबर आहे. लोकांना दुसऱ्याचा पैसा बघवत नाही, असं ऐकून होतो. आपल्याच शेजारच्या खुर्चीवर ते बघायला मिळेल असं वाटलं नव्हतं.

मेणवाल्या बाईंनी वर्गणीचे पैसे ज्याचे त्याला परत केले. तेही कुणाला आवडलं नसावं. एकदा काढलेला पैसा परत आला तर माणसाने खूश व्हायला हवं.

सोमवार, २४ मार्च

आजही तुम्ही. मी मुद्दाम विचारलं, "अरे, काय झालं?"

"काही नाही. तुमचं बरंय."

"काय बरंय?"

"राहायचं तर राहता. जायचं तर जाता."

मी म्हटलं, पैसे माझे आहेत, मी मागायला गेलो नव्हतो. तो म्हणाला, "मी तरी कुठे मागितले?" आणि मोटर चालू केली.

घरी आल्यावर बायकोला सगळं सांगितलं. माणसं कशी बदलतात, एवढ्या वर्षांची मैत्री, पैशापुढे सगळं खोटं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. माझं बोलून झाल्यावर तिने हातातली घडी पुरी केली.

"अहो, ते मशीन येतंय ना तुमच्याकडे?"

"कुठलं मशीन? पंखा येतोय."

"काल भावोजींच्या बायको भेटल्या मला, चक्कीवर. मशीन येतंय. दात आपोआप कापणारं. दोन माणसांचं काम एक माणूस करेल. मालकांनी भावोजींना बोलावून सांगितलं, दुसरीकडे बघून ठेवा. परवा, शनिवारी सकाळी."

मी खाली पडलेला एक मोजा उचलून तिच्याकडे दिला.

"आधी मालकांनीच त्यांना सांगितलं होतं, काळजी करू नका, ते तर सोडूनच चाललेत, तुमची जागा पक्की. त्या बाई मला म्हणाल्या, तुमच्या मिस्टरांना आमच्याबद्दल माहीत नसणार, नाहीतर ते असं करणार नाहीत. मी म्हटलं, त्यांना माहीत नाही. त्यांना पंखा येतोय असं वाटतंय."

हे ती चिडून म्हणाली नाही. नुसतं म्हणाली आणि पुढची चादर घेतली.

त्याच्या दोन मुली शाळेत आहेत. सासू-सासरे त्याच्याकडेच असतात. मी गॅलरीत जाऊन उभा राहिलो. नळ परत गळायला लागलाय. वायसर बदलायला हवा.

मंगळवार, २५ मार्च

राजीनामा दिला.

बायकोने सकाळी चांगला शर्ट काढून ठेवला होता. मी तिला काही बोललो नव्हतो.

मालकांच्या खोलीत गेलो, दार उघडंच ठेवलं, आणि ठरल्याप्रमाणे फेकला. कागद फार हलका असतो. तो टेबलावरून तरंगत पलीकडे गेला आणि कपाटाखाली शिरला. मालक आणि मी दोघंही वाकलो. शेवटी पट्टीने ओढून काढला. त्यावरची धूळ झटकून त्यांनी वाचला.

"परवा तर राहतो म्हणालात."

"पैसा आला की माणूस बदलतो."

त्यांनी पेनचं टोपण काढलं. मग सही केली. जाता जाता मी विचारलं, "मशीनवर कोण बसणार?"

"पॉलिशवाला. दुसरं आहे कोण?"

"बरोबर आहे," म्हटलं. सहज विचारलं होतं.

बाहेर येऊन मी जरा मोठ्यानेच म्हणालो, "सुटलो बाबा एकदाचा. आता समुद्र." मेणवाल्या बाई काहीतरी शोधायला खाली वाकल्या आणि बराच वेळ वर आल्याच नाहीत. पॉलिशवाल्याने माझ्याकडे बघितलं नाही. त्याने मोटर चालू केली. त्याच्या हातात कवळी नव्हती.

सोमवार, ७ एप्रिल

समुद्रावर जाऊन आलो. समुद्र आहे तसाच आहे. बायको पाण्यात गुडघ्यापर्यंत गेली. मी किनाऱ्यावर बसलो. येणाऱ्याजाणाऱ्यांची तोंडं बघत होतो. शहाळीवाल्याची वरची कवळी कुणीतरी फार वाईट बसवली आहे, बोलताना खाली उतरते. मी त्याला तसं सांगितलं. त्याने शहाळ्याचे जास्त पैसे घेतले.

आठ दिवस राहायचं होतं, लवकर परतलो.

शुक्रवार, ११ एप्रिल

बायको शाळेच्या कचेरीत कामाला आहे. ती सकाळी जाते, मी राहतो. आज ती आल्यावर मी कोणता डबा कुठे असावा याबद्दल काही सूचना केल्या. तिने ऐकून घेतल्या.

मग मीच विचारलं. म्हटलं, सगळ्यांनी सांगितलं मला पैशाचं काय करावं. तुला काय करायचं होतं?

"पैशाचं मला काहीच करायचं नव्हतं."

"मग बरं."

"मला त्या घरात राहायचं होतं. आत्यांच्या. मागच्या पायरीवर सकाळी ऊन येतं. तुम्ही कवळी घासत बसायचात तेव्हा मी तिथे बसायचे."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही, वकील आणि माझा भाऊ बोलत होतात. मी चहा करत होते."



बुधवार, १६ एप्रिल

विकत घेणाऱ्याकडे जाऊन आलो. तेच घर परत देता का विचारलं, जास्त पैसे देतो म्हटलं. त्याने मागची पायरी काढून टाकली आहे. तिथे गाडी लावायची जागा करतोय. मला आत बोलावून फरश्या दाखवल्या. चांगल्या आहेत.

बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "तुम्ही गेला होतात?" मग थोड्या वेळाने, "उगाच गेलात." पण रात्री तिने न विचारता माझ्या ताटात दुसऱ्यांदा भात वाढला.

मी म्हटलं, तू घर शोध. तुला हवं तसं. मी काही बोलणार नाही. ती म्हणाली, "बघू, जमतंय का."

रविवार, ४ मे

घर मिळालं. तिने अठरा घरं बघितली असतील. मी सोबत होतो आणि बोललो नाही. एका ठिकाणी ओल होती, तरीही बोललो नाही. तिला ओल दिसली होती.

हे गल्लीच्या टोकाला आहे. वर दोन खोल्या, खाली रस्त्याच्या बाजूला एक. मागे पायरी नाही, पण पुढे ओटा आहे. ती सकाळी जाऊन ऊन कुठवर येतं ते बघून आली, मगच हो म्हणाली. पैसे बरेचसे यातच जातील. मॅनेजरने काल दारापर्यंत येणं टाळलं.

"खालची खोली तुमची," ती म्हणाली. "तिथे काय करायचं ते करा. दिवसभर माझ्या मागे फिरून डबे मोजू नका."

म्हाताऱ्या माणसांची कवळी पडून फुटली की दुरुस्तीला आठ-आठ दिवस लागतात, तोवर ती बिचारी पेज पितात. त्याच दिवशी जोडून देणारं कुणी नाही. मी फक्त एक माहिती म्हणून हे तिला सांगितलं. ती म्हणाली, "मोटर कुठे ठेवणार ते सांगा, म्हणजे तिथे बटण बसवून घेता येईल."

मेहुणा म्हणाला, नोकरी सोडायला पैसे मिळाले आणि ते तीच नोकरी विकत घ्यायला घातलेत. हिशेब त्याचा चुकत नाही कधी. धंदाच चालत नाही.

रविवार, २५ मे

सामान हलवलं. टेम्पोवाला सकाळी सकाळीच आला. त्याच्यासोबत दोन माणसं येणार होती, एकच आला. मी खाली उभा राहून आता काय करावं याचा विचार करत होतो, तर पॉलिशवाला येताना दिसला. जुना शर्ट, हाताला फडकं गुंडाळलेलं. मी त्याला कळवलं नव्हतं. बायकोने कळवलं असणार. तिला विचारलं तर म्हणेल, मी कशाला सांगू.

बराच वेळ आम्ही पेट्या उचलल्या. बोलणं म्हणजे नुसतं सांभाळ, इकडे, जरा वर. तुम्ही म्हणाला नाही. तू असंही म्हणाला नाही.

मग कपाट राहिलं. जिन्यात आम्ही दोघंच होतो. दम घ्यायला थांबलो.

"मशीन कसं आहे?" मी विचारलं.

"दात फार सरळ कापतं. एकदम रांगेत. खोटे दिसतात. मला नंतर हाताने थोडे बिघडवावे लागतात."

"वरचा सुळा जरा फिरवायचा."

"तेच करतो."

खाली टेम्पोवाल्याने हॉर्न वाजवला. पॉलिशवाला कपाटाच्या कडेवरचा रंग नखाने खरवडत म्हणाला, "तू माझ्यासाठी सोडलीस का?"

"वेडा आहेस का? बावीस वर्षं म्हणत होतो मी, पैसा आला की सोडणार."

"हो," तो म्हणाला. "म्हणूनच तर मला वाटलं होतं तू कधीच सोडणार नाहीस."

"चल, उचल," म्हटलं.

जिना उतरताना खालच्या बाजूला असतो त्याच्यावर सगळा भार येतो. मी तिकडे जायला निघालो, तर तो आधीच दोन पायऱ्या खाली उतरून, वाकून, हात घालून उभा होता. मी वरून धरलं.